स्पेनच्या ग्रामीण भागातले सण आणि खाणं अनुभवायचं असेल तर कधी आणि कुठे जावं? शाकाहारी माणसाचं निभेल का?

ला तोमातिनाला जाऊ का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत, राहू द्या. ब्युन्योल गावातल्या त्या टोमॅटोफेकीला 2013 पासून तिकीट आहे आणि गर्दी बरीचशी बाहेरचीच. गावकऱ्यांच्या पंगतीला बसायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत या. हो, थंडीत.

मी बार्सिलोनात नोकरीला आहे. इथून शंभरेक किलोमीटरवर, तार्रागोना प्रांतात वाय्स म्हणून गाव आहे. कल्सोतचं माहेर. कल्सोत म्हणजे दिसायला जाडजूड कांद्याची पात. पांढरा कांदा उन्हाळ्यात काढायचा, उन्हाळा सरता सरता तोच पुन्हा लावायचा, आणि एकेका कांद्याला फुटलेल्या कोंबांना ते वाढतील तशी मातीची भर देत जायचं. मग दांडा लांब, पांढरा आणि गोड होतो. या भर देण्याला इथल्या कातालान भाषेत 'कल्सार' म्हणतात, त्यावरूनच नाव पडलं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तिथे कल्सोतचा मोठा उत्सव असतो. मिरवणूक, चटणीची स्पर्धा, खाण्याची स्पर्धा, सगळं. पण खरी मजा शेतावर. द्राक्षाच्या छाटणीच्या वाळल्या काड्या पेटवून त्या जाळावर कल्सोत वरून पार कोळसा होईपर्यंत भाजतात, वर्तमानपत्रात गुंडाळून वाफेत मुरू देतात आणि कौलावर वाढतात. हो, छपराचं कौल. त्याने ते गरम राहतात. मला पहिल्यांदा पाहिल्यावर आगटीच आठवली. हुरड्याला जसं शेतावर बोलावतात, तसंच इथे मित्रमंडळींना, पाहुण्यांना बोलावतात.

पहिल्या खेपेला मी चाकू-काटा शोधत होतो. शेजारचे आजोबा हसले. डाव्या हाताने हिरवी पात धरा, उजव्या हाताने काळं साल खालून ओढा, आतला पांढरा दांडा सुळकन बाहेर येतो. तो चटणीत बुडवायचा, मान मागे टाकायची आणि वरून तोंडात सोडायचा. गळ्यात लाळेरं बांधून मोठमोठी माणसं हेच करत असतात. चटणी बदाम, हेझलनट, भाजलेला टोमॅटो, लसूण, सुकी न्योरा मिरची, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगरची. हिला साल्विचादा म्हणायचं की रोमेस्को, यावरून वाद ऐकायला मिळतील. त्यात पडू नका. पंधरा-वीस कल्सोत सहज जातात.

शाकाहाराचं म्हणाल तर इथवर तुम्ही सुखात आहात. मग मात्र कोकरू आणि बोतिफारा नावाचं डुकराच्या मांसाचं सॉसेज येतं. सोबतचे पांढरे घेवड्याचे दाणे बऱ्याचदा त्याच चरबीत परततात, तेव्हा विचारून घ्या. नुसतं 'शाकाहारी' म्हणालात तर ट्यूना मासा घातलेलं सॅलड समोर येण्याची शक्यता दाट. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून', म्हणजे मांस नको, हॅम नको, ट्यूना नको, असं एकेक मोजून सांगा. शेवटी संत्रं आणि क्रेमा कातालाना, म्हणजे वर साखर जाळलेलं दुधाअंड्याचं कस्टर्ड. अंडं चालत नसेल तर संत्र्यावर भागवा.

थंडी नकोच असेल तर 24 जूनच्या सुमारास, सेंट जॉनच्या सणाला याच गावात या. मानवी मनोरे, म्हणजे 'कास्तेय्स', इथलेच. 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. गावात दोन जुनी पथकं आहेत आणि त्यांच्यातली चुरस आपल्या गोविंदा पथकांसारखीच. फरक इतका की वर हंडी नसते. सगळ्यात वरचं पोर हात उंच करतं, पण तेवढ्याने काम पुरं होत नाही. मनोरा न कोसळता उतरला तरच तो पूर्ण मानतात, म्हणून खरा श्वास रोखला जातो तो उतरताना.

जेवणाची वेळ दुपारी दोन-तीनची. शेतावरच्या जेवणाची जागा महिनाभर आधी ठरवा, रविवार लवकर भरतात. आणि पांढरा शर्ट घालू नका. माझ्या एका शर्टाच्या बाहीवर अजून काजळी आहे.