रात्रीची प्रेमगीतं आणि झोपेची गोळी

प्रश्न: वय ६२. दोन वर्षं रोज रात्री अल्प्राझोलाम ०.५ मिलीग्रॅमची एक गोळी घेते. मुलाने फोनवर जुनी प्रेमगीतं भरून दिली आहेत, ती ऐकत पडलं की बरं वाटतं. सोमवारपासून गोळी बंद करून गाण्यांवरच झोपू का? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, गाणी आजपासून लावा, पण गोळी सोमवारी बंद करू नका.

मेंदूतलं ‘गाबा’ हे रसायन चेतापेशींना ब्रेक लावतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या एकाच गटातल्या गोळ्या त्या ब्रेकवरचा दाब वाढवतात. रोज अशी मदत मिळू लागली की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. मग गोळी एकदम तोडली तर पूर्वीपेक्षाही जास्त जागरण, हातांना थरथर, धडधड, घाम, आणि काहींना फिट्ससुद्धा येतात. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण ११ तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे हा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. ‘जुना निद्रानाश परत आला’ असं समजून पुष्कळ जण पुन्हा गोळीकडे वळतात. खरं तर ते जागरण गोळी तोडल्याचं असतं.

डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात, ही आजची सर्वसाधारण पद्धत. अडचण अशी की ०.५ ची गोळी घरी एवढी बारीक तुटत नाही. ०.२५ ची एक अख्खी आणि एक अर्धी घेतली तर ०.३७५ होतात, पण ती एकदम २५ टक्क्यांची उडी झाली. ती झेपली नाही तर डॉक्टर शरीरात जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणून तिथून उतरवतात. पाकिटावर ‘एसआर’ लिहिलं असेल तर गोळी तोडायचीच नाही. हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात उतरतं. शेवटचा अर्धा तुकडा सोडणं सर्वांत कठीण जातं, तिथे घाई नको. आणि या काळात दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध अजिबात नको. गोळीसोबत ती श्वास मंदावतात, जीवावर बेतू शकतं.

आता गाण्यांचं. रोज ठरलेल्या वेळी ३० ते ४५ मिनिटं, संथ लय (मिनिटाला ६० ते ८० ठोके), आवाज दाराबाहेर जाणार नाही इतका. टायमर लावा. गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा, नाहीतर डोळा लागतो न लागतो तोच जाहिरात दचकवते. पहिल्याच रात्री फरक शोधू नका, दोन-तीन आठवडे द्या.

निवड मात्र जपून करा. शब्द नकोत म्हणून लोक बासरीवर किंवा गिटारवर वाजवलेली तीच गाणी लावतात आणि तिथेच फसतात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०२१ मधल्या प्रयोगात लोकप्रिय गाण्यांच्या निव्वळ वाद्यावरच्या आवृत्त्या ऐकून झोपलेल्यांच्या डोक्यात गाणं जास्त घोळलं आणि झोप जास्त बिघडली. ओळखीची चाल वाजली की मन गाळलेले शब्द भरत बसतं, हे सहज पटण्यासारखं आहे. म्हणून प्रत्येक गाणं आधी दुपारी ऐकून पाहा. तासाभराने ते ओठांवर असेल तर रात्रीच्या यादीतून काढा. ज्या विरहगीताने डोळे भरून येतात, तेही काढा. ते उत्तम गाणं आहे, पण संध्याकाळचं.

प्रश्न: ऑपरेशनआधी भीती घालवणाऱ्या इंजेक्शनऐवजी आवडती गाणी चालतील का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: विचारायला हरकत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात १५७ रुग्णांना मज्जातंतूजवळ (शरीराचा तेवढाच भाग बधिर करणारी) भूल देण्याआधी मिडाझोलामचं इंजेक्शन किंवा तीन मिनिटं संगीत दिलं. भीती जवळपास सारखीच उतरली, पण समाधान इंजेक्शनवाल्यांचं जास्त होतं आणि हेडफोनमुळे डॉक्टरांशी बोलणं अवघड गेलं. शिवाय ते संगीत खास मन शांत व्हावं म्हणून बांधलेलं होतं, रुग्णांच्या आवडीचं नव्हतं. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. मुख्य भुलीला मात्र गाणं पर्याय नाही.

प्रश्न: भावगीतांच्या कार्यक्रमात माझा आवाज आणि हात थरथरतात. मित्र म्हणतो, प्रोप्रॅनोलॉल घे. – एक गायक, नागपूर

उत्तर: ही गोळी गुंगी आणण्यासाठी नसते. ॲड्रेनलिनचा हृदयावरचा आणि स्नायूंवरचा परिणाम ती अडवते, म्हणून धडधड आणि थरथर कमी होते. डॉक्टर सहसा १० ते ४० मिलीग्रॅम, कार्यक्रमाच्या तासभर आधी देतात. मित्राच्या पाकिटातली घेऊ नका. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका तिने आवळते, मधुमेहात साखर उतरल्याची धडधड जाणवतच नाही, आणि ज्यांची नाडी मुळातच मंद आहे त्यांची आणखी मंदावते. डॉक्टरांनी दिली तरी पहिली गोळी रियाजाच्या दिवशी घेऊन पाहा, थेट मंचावर नको. अल्प्राझोलाम तर गाण्याआधी मुळीच नको. दुसऱ्या कडव्याचे शब्दच आठवत नाहीत.