बँकॉकला पोट सपाट करण्याची शस्त्रक्रिया: पैसे भरण्याआधी

ताई, बँकॉकचं पॅकेज स्वस्त वाटतं, पण तो आकडा अर्धाच असतो. तिकिटं, सोबतच्या माणसाचा मुक्काम, बुडालेली रजा हे सगळं त्यात मिळवा. त्यापुढचा खर्च तर कुणीच सांगत नाही: जखम चिघळली तर काय? आपला आरोग्य विमा सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया धरत नाही, आणि तिच्यातून उद्भवलेल्या त्रासालाही बहुतेक प्रवास विमे हात वर करतात. इथे करायचं तर 18 टक्के जीएसटी लागतो, खरं आहे. पण तपासणीला तोच डॉक्टर भेटतो.

मला सर्वांत जास्त काळजी परतीच्या प्रवासाची वाटते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान 10 दिवस तरी विमान टाळावं; शिवाय बराच वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. आणि मुंबईत उतरून जळगाव अजून चारशेहून जास्त किलोमीटर! काही जंतुसंसर्ग तर कित्येक आठवड्यांनी दिसतात. तेव्हा टाके बघणार कोण? जळगाव-धुळ्याच्या प्लास्टिक सर्जनला आधीच भेटून विचारा, “नंतर मला बघाल ना?” नाही म्हणाले, तर जाऊच नका.

सर्जनचं नाव, नोंदणी, भूल कोण देणार हे लेखी घ्या. एजंटच्या व्हॉट्सॲपवर भिस्त नको. ऑपरेशनचे सगळे कागद इंग्रजीत मागा.

आणि वैशाखात मुळीच नको, माय. आपल्याकडच्या त्या उन्हात शस्त्रक्रियेनंतर पोटाला लागणारा घट्ट पट्टा आठवडेच्या आठवडे बांधून राहवत नाही. दिवाळीनंतर बघा.