रोपांनी मूळ धरावे म्हणून

प्रश्न : आमच्या घरी दोन फूट लांबीची माशांची काचेची टाकी असून तीत दोन गोल्डफिश आहेत. तळाशी रंगीत खड्यांचा जेमतेम २ सेंटिमीटरचा थर आहे. त्यात व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि अनुबियास या पाणवनस्पती दोनदा लावल्या; परंतु सकाळी उठून पाहावे तो निम्मी रोपे पाण्यावर तरंगत असतात, आणि अनुबियासचा कंद तर मऊ पडून कुजला. काय चुकते आहे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : चूक मुख्यतः तळाची आहे. पानांतील हवेमुळे पाणवनस्पती सतत वर येऊ पाहतात, आणि मोठ्या, गुळगुळीत खड्यांच्या फटींत कोवळ्या मुळांना पकड मिळत नाही. त्यासाठी २ ते ३ मिलिमीटर कणांची रेती पुढच्या बाजूला ५ आणि मागे ७ सेंटिमीटर जाडीची पसरावी. आपल्याकडे तापी-गिरणेची रेती बांधकामाच्या ढिगातून सहज मिळते; ती चाळून, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी आणि मूठभर रेतीवर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तीत चुनखडी आहे असे समजून ती वापरू नये, कारण बोअरचे पाणी जड असेल तर त्यात आणखी भर पडते. शेतातील काळी माती घालण्याचा मोह टाळावा. ती फुगते आणि पाणी गढूळ करते.

व्हॅलिसनेरियाची मुळे २-३ सेंटिमीटर ठेवून छाटावीत, रोप चिमट्याने थोडे खोल खुपसावे आणि मग हलकेच वर ओढावे, म्हणजे पाने जिथून फुटतात तो पांढरट बुंधा रेतीच्या वर राहतो. तो गाडला गेला तर रोप कुजते. हायड्रिलाच्या काडीची खालची ४-५ सेंटिमीटरपर्यंतची पाने काढून पेरे रेतीत जातील अशी एकेक काडी सुटी लावावी, कारण मुळे पेरांतूनच फुटतात.

अनुबियासचे गणित उलटे आहे. केळीचा कंद मातीत गाडायचा, ही आपल्या जिल्ह्यातील हातांची सवय. अनुबियासचा आडवा कंद मात्र उघडाच राहिला पाहिजे. तो सुती दोऱ्याने दगडाला बांधावा. दोरा कुजून जाईपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो.

गोल्डफिश अन्नाच्या शोधात तळ उकरतात, तो त्यांचा स्वभावच आहे आणि त्यासाठी त्यांना दोष देऊ नये. रोपे आधी रेती भरलेल्या लहान मातीच्या कुंड्यांत लावून बुंध्याभोवती सुपारीएवढे गोटे ठेवावेत. गोल्डफिश हायड्रिला खातातही, म्हणून त्याच्या थोड्या काड्या वेगळ्या टबात राखून ठेवाव्यात. चैत्र-वैशाखात, टाकीतील पाणीही तापलेले असताना, नवी लागवड करू नये.

लावल्यानंतर निदान तीन आठवडे रोप उपटून मुळे पाहू नका. आपण दोनदा लावले म्हणता, त्यावरून ही घाई झाली असावी असे वाटते. जुनी पाने पिवळी पडली तरी मधून नवे पान निघत असेल तर रोप जगले आहे. व्हॅलिसनेरियाच्या बाजूने रेतीतून फुटवा धावून, केळीला पील यावे तसे, शेजारी इवलेसे रोप उभे राहिले, की तिने मूळ धरले असे खुशाल समजावे.