भैरवी सोडून उठू नये

पोरी,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा चिडलो. मिरजेहून राणी चन्नम्मानं बंगळूर गाठायचं, दुपारपासून रांगेत उभं राहायचं, संध्याकाळी आवडत्या बँडचा कार्यक्रम, मग शेवटची दोन गाणी सोडून मागच्या फाटकाकडे पळायचं, तिथे बँडवाले भेटले की त्याच रात्रीची परतीची गाडी. वर मला विचारतेस, ‘काका, भेटच होणार नसेल तर एवढ्या लांब जायचं कशाला?’

जायचं की नाही यावर मी एक ओळसुद्धा लिहिणार नाही. आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ. मला बोलायचंय ते त्या ‘शेवटच्या दोन गाण्यां’बद्दल. ती सोडायची नाहीत. कुणासाठीही नाही, ज्यांची ती गाणी आहेत त्यांच्यासाठीही नाही.

माझे वडील पुण्याला रमणबागेतल्या सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे. शाल, थर्मास, घरची सतरंजी. आमच्या हेवी मेटल संगीताला ते ‘पत्र्यावर दगड’ म्हणत, तो भाग सोड. त्या काळी मैफल रात्रभर चाले. पहाटे निम्मा मंडप पेंगत असे, पण उठत कुणी नसे. कारण अगदी शेवटी ध्वनिमुद्रिका लागायची, सवाई गंधर्वांची भैरवी, ‘बिन देखे पडे नाही चैन’. ते गेले १९५२ साली, महोत्सव सुरू झाला १९५३ साली. म्हणजे ज्याला भेटायची सोयच उरलेली नाही अशा माणसासाठी लोक मांडी मोडून बसून राहत. कशाला, हे त्यांना विचारायची तुझी हिंमत आहे का? माझी नव्हती. आणि वडिलांच्या या एकाच गोष्टीची मी टर उडवायचो: ‘शेवटचं गाणं तर कॅसेटवर आहे, घरी ऐका!’

आता माझं ऐक. १७ मार्च २००७, शनिवार, बंगळूरचं पॅलेस ग्राउंड्स. आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड, ते पहिल्यांदाच भारतात येत होते. मी आणि माझा एक मित्र, पुण्याहून उद्यान एक्सप्रेसनं, दोघांत एक बर्थ. आधी आपल्याकडचा रॉक बँड परिक्रमा वाजवून गेला, मग मेडनचा बेसवाला स्टीव्ह हॅरिस याची मुलगी लॉरेन, मग मेडनचे ते सहा जण. पुढचं वर्णन करत नाही. तुला बेस गिटार शिकवताना शंभरदा केलंय, आणि दर खेपेला थोडं वाढवूनच.

पहिला भाग संपवून ते आत गेले. परत येणार हे सगळ्या मैदानाला माहीत होतं. तेवढ्यात शेजारच्यानं सांगितलं की शेवटच्या गाण्यानंतर बँडच्या गाड्या लगेच निघतात, आत्ता मागे गेलास तरच काही जमेल. मित्र म्हणाला, मी नाही येत. मी गेलो. तेविसाव्या वर्षी तूही गेली असतीस. आणि जाऊ नयेच असं काही मी म्हणत नव्हतो तेव्हा. मला वाटत होतं मीच हुशार.

स्टेजच्या मागे उभं राहून कधी ऐकलंयस? सगळे स्पीकर पलीकडे तोंड करून असतात. मागे येते ती नुसती धपधप, शेजारच्या गच्चीवर कुणी गादी झोडपतंय तशी. गाण्याचे शब्द नाहीत, गिटार नाही. त्या धपधपीतून मी ‘हॅलोड बी दाय नेम’ ओळखलं, कारण त्याचा बेस मी रात्र रात्र जागून बसवला होता. १९८२च्या अल्बममधलं गाणं, फाशीची वाट बघणाऱ्या कैद्याचं, सात मिनिटांचं. भिंतीपलीकडे हजारो लोक ते गात होते, भारतात पहिल्यांदा. अलीकडे मी एका डिझेल जनरेटरला टेकून बंद फाटकाकडे बघत उभा. पाठीला जनरेटरची थरथर लागत होती, त्यामुळे बेसही धड कळेना. मग स्पीकरवर ते शिट्टीचं गमतीचं गाणं लागलं. त्यांचा कार्यक्रम संपला की ते लावतात. म्हणजे संपलं.

फाटक उघडलं. गाड्या काचा वर करून गेल्या. एक मात्र गर्दीत हळू झाली आणि मागची काच खाली आली. कोण होता ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. माझ्याकडे कागद म्हणून होतं ते परतीचं रेल्वेचं तिकीट. त्यानं त्यावर सही केली, हसून विचारलं, मजा आली ना? आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणालो, ‘शेवटचं गाणं सगळ्यात भारी!’

न ऐकलेलं गाणं. त्याच्या तोंडावर सांगितलं. माणूस बिचारा थँक यू म्हणाला.

त्याच रात्री तिकडे पोर्ट ऑफ स्पेनला भारत १९१ मध्ये गुंडाळला गेला आणि विश्वचषकात बांगलादेशकडून हरला. सकाळी स्टेशनवर सगळे सुतकात. मीही त्याच चेहऱ्यानं फिरत होतो, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, हे बरं झालं. मित्राचा आवाज पार बसलेला. गुंटकलपासून सोलापूरपर्यंत तो एक शब्द बोलू शकला नाही, नुसता खिडकीशी बसून बोटांनी ताल धरत होता. सही माझ्याकडे होती आणि जळत मीच होतो.

तू म्हणशील, पुढच्याच वर्षी मुंबईत ऐकलंत ना? ऐकलं. १ फेब्रुवारी २००८, बांद्रा-कुर्ला संकुल. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत आला होता, त्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली, आणि शेवट त्याच गाण्यानं. मी जागचा हललो नाही. गळा काढून गायलो. तरी ते दुसरं होतं. पहिलं राहिलं ते राहिलंच. लोक म्हणतात मी उगाच उगाळत बसतो. बसतो. त्या उगाळण्यातूनच तुला शहाणपण मिळतंय, तेही फुकट.

भेटीच्या मी विरुद्ध आहे, असं समजू नकोस. हल्ली पैसे भरूनही भेटतात: रांग, फोटो, पुढचा या. जमलं तर कर. पण ‘मी तुमची सगळ्यात मोठी फॅन’ हे वाक्य त्यांनी त्या दिवशी चाळीसदा ऐकलेलं असतं. तू बेस वाजवतेस, एखाद्या गाण्यातली एक जागा विचार, तुटक्या इंग्रजीत विचारलीस तरी चालेल. वाजवणाऱ्याला वाजवण्याबद्दल बोलायला आवडतं. आणि एक धंद्यातली गोष्ट सांगतो. शेवटचं गाणं संपल्यावर ड्रमर काठ्या फेकतो, स्टेजवर चिकटवलेला गाण्यांच्या यादीचा कागद तिथली पोरं पुढच्या रांगेत देऊन टाकतात. हे कुणाला मिळतं? जो जागेवर आहे त्याला.

शिवाय भेटीचं सोड, कार्यक्रमाचीही खात्री नसते. २८ ऑक्टोबर २०११ला गुरगावला मेटॅलिका हा अमेरिकेचा बँड येऊनही वाजलं नाही, ऐन वेळी रद्द. लोक लांबलांबून आलेले. कार्यक्रम झाला तो ३०ला, बंगळूरला. जे वाजतंय ते पदरात पाडून घे, पुरतं. शेवटच्या झांजेपर्यंत.

आता व्यवहाराचं. आपल्याकडे रात्री दहाला स्पीकर बंद होतो. २०२३ साली पुण्यात दहा वाजल्यावर पोलिसांनी ए. आर. रहमानलाही थांबवलं होतं. तेव्हा शेवटचं गाणं पावणेदहाच्या आसपास येणार हे धरून चाल, त्याच्या आधी तासभर पाणी कमी पी, आणि पुढची जागा सोडू नकोस. परतीचं त्याच रात्रीचं तिकीट रद्द कर. दुसऱ्या दिवशीचं काढ. जे पैसे कापले जातील ते मी देतो. राहायची सोय नसेल तर कळव, माझा तो मित्र आता तिकडेच असतो. त्याची बायको आणि दोन पोरं आहेत घरात, आईला तसं सांग.

ते सहीचं तिकीट बघायचंय म्हणालीस. पुण्याला आलीस की दाखवीन. फार अपेक्षा ठेवू नकोस. परतीच्या गाडीत टीसीनं त्यावर निळ्या पेनानं आडवी रेघ ओढली, नेमकी सहीवरून. आता छपाई उडाली, सही पुसट झालीय. रेघ तेवढी ठळक आहे.

तुझा,
काका