पूर्वपरीक्षेत दोनदा अपयश आल्यावर पुन्हा ध्येय कसे ठरवावे?
राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा हुकल्यावर पुन्हा उभारी कशी धरावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते "यंदा पास व्हायचेच" हे ध्येय नव्हे, ती इच्छा झाली. कारण कटऑफ किती लागेल हे आपल्या हाती नसते, रोज किती प्रश्न सोडवायचे हे मात्र असते. "अमुक झाले की तमुक करीन" असे आधीच ठरवून ठेवण्याची, मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली युक्ती मला उपयोगी पडली. ठाण्याहून वाशीला नोकरीला जाताना ऐरोली आली की वही उघडायची, असे मी ठरवले होते आणि गर्दीत उभ्याउभ्या का होईना, तुर्भ्यापर्यंत चालू घडामोडींचे दहा प्रश्न होत असत.

निकालानंतर मी पंधरा दिवस पुस्तकाला हात लावला नाही (त्याचा पश्चात्ताप नाही). नंतर उत्तरतालिका घेऊन प्रत्येक चुकीपुढे "माहीत नव्हते", "घाईत वाचले" किंवा "अंदाज मारला" असे लिहीत गेलो, तेव्हा नकारात्मक गुणपद्धतीत अंदाजांनीच घात केला होता, हे दिसले. नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यासाचा निर्णय आपण अशी नोंद केल्यावरच घ्यावा.