बटण सुटलेलं, तरी 'इमर्जन्सी'

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. व्हीएमसीचं (उभ्या स्पिंडलचं, संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) टेबल डाव्या टोकाला गेलं की अधूनमधून इमर्जन्सी अलार्म येतो. इमर्जन्सीचं बटण दाबलेलं नसतं, सुटलेलंच असतं. इलेक्ट्रिशियन म्हणतो, इमर्जन्सी सर्किटच्या तारा थेट जोडून टाकू. टाकू का?

उत्तर : नका, अजिबात नका. ते सर्किट ऑपरेटरच्या हातापायांसाठी आहे. त्यातले कॉन्टॅक्ट मुद्दाम नेहमी जोडलेले असतात, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबतं. तुमच्याकडे बहुधा तेच होतंय.

२४ व्होल्टची लाइन पॅनेलचं बटण, हँडव्हीलचं (हाताने टेबल हलवायच्या चाकाचं) बटण, लिमिट स्विच (टेबलाला मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) अशी एकामागून एक फिरते. कंट्रोलर फानुक कंपनीचा असेल तर स्क्रीनवर पीएमसीच्या (मशीनचे सिग्नल सांभाळणाऱ्या भागाच्या) पानावर एक्स ८.४ हा इमर्जन्सीचा सिग्नल बघा, शून्य झालं की साखळी तुटली. मग ड्रॉइंग समोर ठेवून टर्मिनलमागून टर्मिनल मल्टिमीटर लावत जा. व्होल्टेज जिथे गायब, त्याच्या अलीकडचा तुकडा तपासा.

ठरावीक जागीच होतंय, म्हणून माझा पहिला संशय ड्रॅग चेनमधल्या (टेबलासोबत वाकत जाणाऱ्या, तारा धरणाऱ्या कड्यांच्या पट्ट्यातल्या) तारेवर. वाकून वाकून ती आतून तुटते, वरून धडधाकट दिसते. नाहीतर लिमिट स्विचमध्ये कूलंट (धातू कापताना सोडतात ते थंड करणारं द्रव) शिरलं असेल, तोही उघडून बघाच.

व्होल्टेज मोजून झालं की, स्विच उघडताना किंवा तार बदलताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा. आणि केबल ड्रॅग चेनसाठी बनवलेली लवचीकच घ्या. पुण्यात इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीत स्वस्त मिळाली म्हणून साधी वायर घालू नका.