स्टीपलचेस : अडथळा नव्हे, कळस!

प्रश्न : अविनाश साबळे जी शर्यत धावतो त्या 'स्टीपलचेस'ला मराठीत 'अडथळ्यांची शर्यत' म्हणावं का?

नका म्हणू. अडथळ्यांची शर्यत म्हणजे हर्डल्स. तिथला अडथळा पाय लागला की आडवा होतो. स्टीपलचेसचा ओंडका जागचा हलत नाही, आपण आडवे होतो. 3000 मीटरमध्ये असे 28, शिवाय पाण्याचे 7 खड्डे. तरी समालोचक दोन्हींना एकाच नावाने हाकतात. 'स्टीप म्हणजे चढ, म्हणून चढाची शर्यत' हे तर मी आता तिसऱ्यांदा ऐकलं. अहो, सपाट ट्रॅकवर चढ कुठला? स्टीप आणि स्टीपल हे दूरचे भाऊबंद आहेत, मान्य. पण इथला स्टीपल म्हणजे चर्चचा टोकदार मनोरा.

साल 1752, आयर्लंडमधला कॉर्क परगणा. एडमंड ब्लेक आणि कॉर्नेलियस ओ'कॅलाघन यांच्यात पैज लागली : बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडा कोणाचा आधी पोचतो? अंतर सुमारे साडेचार मैल. वाट ठरलेली नाही. लांबवर मनोरा दिसतोय, त्याच्यावर नजर ठेवायची आणि घोडा नाकासमोर सोडायचा. मध्ये बांध येवो, कुंपण येवो, ओढा येवो. अडथळे कोणी मांडले नव्हते हो, ते रानात होतेच! ठरलेला होता तो फक्त कळस.

याच खेळातून इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ एन्ट्री (Aintree) नावाच्या गावी ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत उभी राहिली. पहिली शर्यत 1836ची, असं म्हणणारे काही आहेत. म्हणोत बापडे; 'ग्रँड नॅशनल' हे नाव 1847चं, आणि बहुतेक नोंदी 26 फेब्रुवारी 1839पासून सुरू होतात. त्या दिवशी 17 घोडे धावले, जिंकला 'लॉटरी'. (कोणाला तरी लागली म्हणायची.) 1836ला जिंकलेला घोडेस्वार कॅप्टन बेचर या वेळी ओढ्यात पडला आणि बाकीचे घोडे वरून उड्या मारून जाईपर्यंत पाण्यातच दबून बसला, असं सांगतात. जिंकला ते साल वादात अडकलं, पडला तो ओढा मात्र 'बेचर्स ब्रूक' म्हणून अमर झाला. पण एन्ट्रीची धाव गोल फिरून तिथंच संपायची. नावात मनोरा उरला, समोरून गेला. पुढे माणसं पायी धावू लागली, तेव्हा ओढ्याचा खड्डा झाला नि बांधाचा ओंडका.

म्हणून माझा जुना हट्ट : 'कळसधाव'. हसू नका. वेळापूरच्या टेकडीवरून तुकोबांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते तिथून पंढरीपर्यंत धावत सुटले, असं वारकरी सांगतात. माउलींच्या पालखीबरोबरचे लोक आजही तो उतार पळत उतरतात. त्याला ते 'धावा' म्हणतात. ओंडका नाही, ट्रॅक नाही, घोडाही नाही. समोर कळस आणि मध्ये रान. कॉर्कच्या त्या दोघांना हा शब्द लगेच कळला असता.